प्राटमध्ये आडव्या अक्षाच्या मर्यादा कशा ठरवाव्यात

चार मिनिटांचे रेकॉर्डिंग प्राटमध्ये उघडले की वरच्या अर्ध्यात काळाकुट्ट पट्टा (ती ध्वनीची दाटून आलेली लाट) दिसतो आणि खालच्या अर्ध्यात, जिथे स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या क्षणी कुठल्या वारंवारतेत किती जोर आहे ते दाखवणारे चित्र, यायला हवा, तिथे कोऱ्या जागेत एक इंग्रजी सूचना असते. नवख्या माणसाला वाटते फाइल बिघडली, किंवा सॉफ्टवेअर नीट बसले नाही. प्रत्यक्षात दोन्ही ठीक असतात. आडव्या अक्षावर एकाच वेळी फार जास्त वेळ कोंबला गेला आहे, एवढेच.

प्राट हे अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांचे मोफत सॉफ्टवेअर. उच्चारांचा अभ्यास करणाऱ्यांचे हे रोजचे हत्यार आहे. त्यात आडव्या अक्षाची डावी-उजवी कड कशी बांधायची ते या लेखात आहे. एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवा: प्राटच्या एडिटरमध्ये कडा सरकवणे म्हणजे नुसते चित्र जवळून पाहणे नव्हे. जेवढे पडद्यावर आहे तेवढ्यावरच प्राट बरेचसे हिशेब करते. त्यामुळे कडा बदलल्या की स्पेक्ट्रोग्रामचा काळेपणा बदलतो, लाटेची उंची बदलते, आणि कधी कधी स्वराच्या उंचीचे (पिचचे) आकडेही थोडे हलतात.

आधी खिडक्या ओळखा

प्राट सुरू केल्यावर दोन खिडक्या उघडतात. 'ऑब्जेक्ट्स' ही वस्तूंची यादी, आणि 'पिक्चर' हा आकृती काढायचा कागद. ध्वनी यादीत आणायचा तर 'ओपन' मेनूतून 'रीड फ्रॉम फाइल' घ्या. तो निवडून उजवीकडचे 'व्ह्यू अँड एडिट' हे बटण दाबले की तिसरी खिडकी येते, तिला इथे एडिटर म्हणू. एडिटरमधल्या आडव्या अक्षाच्या कडा आणि पिक्चरमधल्या आकृतीच्या कडा यांचा आपोआप काहीही संबंध नसतो. एडिटरमध्ये छान जवळ जाऊन पाहिले, मग यादीतून 'ड्रॉ' केले आणि कागदावर अख्खे रेकॉर्डिंग उमटले, ही तक्रार इथूनच येते.

दोन्हीकडे वेळ सेकंदांत मोजतात. २५ मिलिसेकंद हवे असतील तर ०.०२५ लिहायचे. नुसते २५ लिहिले तर प्राटला ते पंचविसावे सेकंद वाटते. या लेखात आकडे देवनागरीत आहेत, पण प्राटच्या चौकटीत आकडे इंग्रजी कीबोर्डवरूनच टाका, आणि दशांशासाठी टिंबच वापरा, स्वल्पविराम नाही.

एडिटरमध्ये कडा बदलण्याचे मार्ग

एडिटरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात पाच छोटी बटणे असतात: ऑल, इन, आउट, सेल, बॅक. पहिले अख्खा ध्वनी दाखवते. इन दाबले की दिसणारा वेळ निम्मा होतो, आउट दाबले की दुप्पट. सेल म्हणजे जेवढे निवडले आहे तेवढेच पूर्ण रुंदीत पसरते. बॅक तुम्हाला सेलच्या आधीच्या कडांवर परत नेते. कीबोर्डवरून हीच कामे अनुक्रमे कंट्रोल-ए, कंट्रोल-आय, कंट्रोल-ओ, कंट्रोल-एन आणि कंट्रोल-बी यांनी होतात. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड. ऑब्जेक्ट्स खिडकीत मात्र कंट्रोल-ओ म्हणजे फाइल उघडणे. शॉर्टकट दाबल्यावर भलतीच चौकट आली तर कुठली खिडकी पुढे आहे ते आधी बघा.

इन या बटणात एक गोम आहे. ते दिसणाऱ्या पट्ट्याच्या मध्यापासून निम्मे करते. तुम्हाला पाहायचा व्यंजनाचा स्फोट डाव्या कडेजवळ असेल तर इन दाबताच तो पडद्याबाहेर जातो, मग सरकपट्टी ओढत त्याला शोधत बसावे लागते. म्हणून सवय लावायची ती सेलची. माऊसने हवा तो भाग ओढून निवडा, कंट्रोल-एन दाबा, पुन्हा त्यातला लहान भाग निवडा, पुन्हा कंट्रोल-एन. दोन-तीन पायऱ्यांत दहा सेकंदांवरून पन्नास मिलिसेकंदांवर येता येते आणि वाट चुकत नाही.

कडा अचूक आकड्यांवर हव्या असतील तर हाताने ओढू नका. 'व्ह्यू' मेनूत 'झूम' असा पर्याय आहे. नव्या आवृत्त्यांत मेनूंची मांडणी बदलत आली आहे. तुमच्याकडे व्ह्यू सापडला नाही तर 'शो ऑल' आणि 'झूम इन' ज्या मेनूत दिसतील तिथेच हाही असेल. चौकटीत दोन रकाने येतात, कुठपासून आणि कुठपर्यंत. समजा 'ताट' हा शब्द १.३१ सेकंदापाशी सुरू होतो. मग १.२५ आणि १.७५ टाका आणि ओके करा. अर्ध्या सेकंदाची खिडकी तयार. कडा खरोखर तिथेच बसल्या का हे लाटेच्या खाली दोन्ही टोकांना छापलेल्या आकड्यांवरून कळते. त्याखालच्या आडव्या पट्ट्यांवर दिसणाऱ्या भागाची आणि अख्ख्या ध्वनीची लांबी लिहिलेली असते. त्या पट्ट्यांवर टिचकी मारली की तेवढा भाग ऐकूही येतो. टॅब दाबले तर निवडलेला भाग वाजतो, शिफ्ट-टॅबने दिसणारा.

खिडकीची रुंदी तीच ठेवून पुढे जायचे असेल तर पेज-अप, पेज-डाउन किंवा खालची सरकपट्टी वापरा. लांब मुलाखत ऐकत खुणा करायच्या असतात तेव्हा हे फार उपयोगी: एकदा तीन सेकंदांची खिडकी बांधली की पानामागून पान उलटत जायचे, दर वेळी झूम करत बसायचे नाही.

खिडकी किती रुंद असावी

याचे एकच उत्तर नाही. काय मोजायचे आहे त्यावर ते ठरते, पण सुरुवातीला काही ढोबळ मापे हाताशी असलेली बरी.

अख्ख्या वाक्याचा सूर वर जातो की खाली, हे पाहायचे तर दोन ते चार सेकंद. शब्दातले ध्वनी वेगळे करून खुणा करायच्या तर अर्धा ते एक सेकंद. 'ताट' आणि 'थाट' यांतल्या पहिल्या व्यंजनांचा फरक मोजायचा, म्हणजे जीभ सुटल्याच्या स्फोटापासून स्वराचा घोष (स्वरतंतूंचे कंपन) सुरू होईपर्यंतचा अवकाश, तर दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास. स्वराची एकेक आवर्तने मोजायची तर चाळीस-पन्नास मिलिसेकंद.

शेवटच्या मापामागचा हिशेब सोपा आहे. आवाज १२५ हर्ट्झचा असेल तर एक आवर्तन ८ मिलिसेकंदांचे. पन्नास मिलिसेकंदांत अशी सहा आवर्तने बसतात, डोळ्यांना आरामात मोजता येतील इतकी. आवाज २०० हर्ट्झचा असेल तर आवर्तन ५ मिलिसेकंदांचे आणि तेवढ्याच जागेत दहा. एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचा भाग निवडला की वर निवडीची लांबी दिसते आणि शेजारी कंसात त्या लांबीचा व्यस्त, म्हणजे थेट हर्ट्झमधला आकडा. प्राटने स्वतःहून काढलेली स्वराची उंची शंकास्पद वाटली तर हीच हाताची पडताळणी. एका आवर्तनाऐवजी पाच आवर्तने निवडून व्यस्ताला पाचाने गुणले तर माऊसची थरथर बरीच विरते.

याहून जवळ जाण्यात फारसा अर्थ नाही. रेकॉर्डिंग ४४,१०० हर्ट्झ नमुनादराचे, म्हणजे दर सेकंदाला तितके नमुने घेतलेले, असेल तर दोन नमुन्यांत ०.०२३ मिलिसेकंदांपेक्षा थोडे कमी अंतर असते. त्यापुढे कितीही झूम केले तरी ठिपके जोडणाऱ्या रेघाच दिसणार.

कडा हलल्या की आणखी काय हलते

हा भाग सावकाश वाचा. नवख्यांची निरीक्षणे इथेच चुकतात, आणि चूक झाली हे कळतही नाही.

पहिली गोष्ट काळेपणाची. स्पेक्ट्रोग्रामच्या प्रगत सेटिंगमध्ये 'ऑटोस्केलिंग' असते आणि ते मुळात चालू असते. दिसणाऱ्या भागात जे सर्वांत जोरकस, ते काळे, आणि बाकीचे त्याच्या तुलनेत करडे, असा त्याचा नियम. समजा खिडकीत जोरदार 'आ' आणि हलका 'स' दोन्ही आहेत. 'स'ची करडी सावली जेमतेम दिसते. आता उजवी कड अलीकडे आणून 'आ' पडद्याबाहेर घालवा. 'स' लगेच गडद होतो. ध्वनी तोच, आकडेही तेच, फक्त तुलनेचा मानकरी बदलला. अशा दोन चित्रांवरून 'इथे स जास्त जोरकस आहे' असे लिहिणे सरळसरळ चूक. दोन चित्रांची तुलना करायची असेल तर ऑटोस्केलिंग बंद करा आणि त्या चौकटीतली डेसिबलमधली कमाल मर्यादा दोन्हींसाठी एकच ठेवा.

लाटेचेही तसेच. तिची उभी पट्टी मुळात दिसणाऱ्या भागानुसार ताणली जाते, त्यामुळे शब्दांमधल्या शांततेवर झूम केले की खोलीतल्या पंख्याची घरघरही डोंगराएवढी दिसते. 'साउंड स्केलिंग' या सेटिंगमध्ये अख्ख्या ध्वनीनुसार किंवा ठरावीक पल्ल्यानुसार मोजमाप ठेवता येते. रेकॉर्डिंगमधला गोंगाट किती आहे हे डोळ्यांनी ठरवण्याआधी ते बदलून घ्यावे.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण महत्त्वाची. दिसणाऱ्या रुंदीत प्राट जास्तीत जास्त ठरावीक इतकेच स्पेक्ट्रम (एकेका क्षणीच्या वारंवारतांचे मोजमाप) काढते. प्रगत सेटिंगमध्ये हा आकडा मुळात १००० असतो. एक सेकंदाच्या खिडकीत दर मिलिसेकंदाला एक स्पेक्ट्रम मिळतो. दहा सेकंदांच्या खिडकीत मात्र दर दहा मिलिसेकंदांना एकच. विश्लेषणाची खिडकी (पडद्यावरची नव्हे, एका स्पेक्ट्रमसाठी घेतलेला ध्वनीचा तुकडा) नेहमीप्रमाणे ५ मिलिसेकंदांची असेल तर एखादा अगदी छोटा स्फोट या दोन थांब्यांच्या मधल्या फटीत सापडून पुसट होतो किंवा नाहीसाच होतो. 'या वक्त्याच्या ट मध्ये स्फोट नाही' असा निष्कर्ष दहा सेकंदांच्या चित्रावरून कधीही काढू नका. आधी एका सेकंदाच्या आत या, मग बोला.

चौथी स्वराच्या उंचीची निळी रेघ. एडिटरमधले तिचे विश्लेषण दिसणाऱ्या भागावर चालते. कडा सरकल्या की मोजणीचे क्षण थोडे इकडेतिकडे होतात, आणि अनेक पर्यायांतून सलग वाट निवडण्याचा जो भाग असतो तोही दिसणाऱ्या तुकड्यापुरताच पाहतो. परिणामी त्याच जागी कर्सर ठेवूनही किंचित वेगळा आकडा येऊ शकतो. घोष-अघोषाच्या सीमेवर तर रेघ मुळी असते किंवा नसते. त्यात 'टाइम स्टेप सेटिंग्ज'मध्ये कुणी दृश्यानुसार पायरी निवडून ठेवली असेल तर फरक आणखी वाढतो. तिथे दर दृश्याला १०० पायऱ्या असल्या तर दोन सेकंदांच्या खिडकीत पायरी २० मिलिसेकंदांची होते आणि अर्ध्या सेकंदाच्या खिडकीत ५ मिलिसेकंदांची.

प्रबंधात किंवा लेखात छापायचे आकडे म्हणूनच एडिटरमधून उचलू नयेत. यादीत ध्वनी निवडून 'टू पिच' करा. अख्ख्या ध्वनीची एक वेगळी वस्तू तयार होते, आणि तिच्यातून विचारलेले आकडे तुम्ही कुठे झूम केले आहे याची पर्वा करत नाहीत. एडिटर शोधायला आणि खुणा करायला, मोजायला यादी. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला तर पुढे शंभर फायली पुन्हा तपासण्याची वेळ येत नाही.

खालचा अर्धा भाग कोराच राहिला तर

सुरुवातीची ती इंग्रजी सूचना नीट वाचली तर उत्तर तिच्यातच आहे. दिसणारा वेळ एका मर्यादेपेक्षा जास्त असेल तर प्राट विश्लेषण काढतच नाही, कारण अख्ख्या तासाभराचा स्पेक्ट्रोग्राम काढत बसले तर संगणक अडकून पडेल. ही मर्यादा सहसा १० सेकंद असते. तिच्या आत झूम करा, चित्र उमटते.

मर्यादा वाढवायची असेल तर 'शो अ‍ॅनालिसिस' ही चौकट उघडा आणि 'लाँगेस्ट अ‍ॅनालिसिस'च्या रकान्यात २० किंवा ३० सेकंद लिहा. हीच चौकट स्पेक्ट्रोग्राम, स्वराची उंची, तीव्रता आणि फॉर्मंट (तोंडाच्या पोकळीतले अनुनाद) यांच्या खुणाही चालू-बंद करते. दहाच्या आत येऊनही खाली काही नसेल तर तिथली स्पेक्ट्रोग्रामची खूण निघालेली असणार. ३०० सेकंद लिहिण्याचा मोह मात्र आवरा. तसे केले तर प्रत्येक पान उलटताना थांबावे लागते, आणि वरच्या हिशेबाने ते चित्र विरळ थांब्यांचे असल्याने फारसे कामाचेही नसते.

तास-दीड तासाची फाइल असेल तर 'रीड फ्रॉम फाइल' ऐवजी 'ओपन लाँग साउंड फाइल' वापरा. त्यात अख्खा ध्वनी स्मृतीत न घेता हवा तेवढा तुकडा फाइलमधून वाचला जातो. पाहायचे, हवा तो भाग निवडून वेगळा काढायचा आणि विश्लेषण त्या तुकड्यावर करायचे.

आडव्या अक्षावर वारंवारता असते तेव्हा

एडिटरमध्ये स्वराच्या मधोमध भाग निवडून कंट्रोल-एल दाबले की स्पेक्ट्रमची वेगळी खिडकी उघडते. इथे आडवा अक्ष वेळेचा नाही, हर्ट्झचा आहे. बटणे तीच, वागणूकही तीच, आणि म्हणून फजिती जास्त.

नमुनादर ४४,१०० असेल तर अक्ष ० ते २२,०५० हर्ट्झ पसरतो. स्वराची सगळी महत्त्वाची शिखरे डावीकडच्या चार-पाच हजारांत दाटीवाटीने उभी असतात. ती मोठी दिसावीत म्हणून माणूस इन दाबतो, आणि मध्यापासून निम्मे करण्याच्या नियमामुळे पडद्यावर ५,५१२ ते १६,५३७ हा पट्टा येतो. ज्यासाठी झूम केले ते सगळे गायब. इथे थेट 'झूम' चौकटीत ० आणि ४००० टाकणे हाच शहाणपणा.

मात्र ० ते ४००० हे माप सगळ्यांना लागू करू नका. 'सा' आणि 'शा' यांतल्या घर्षणाचा फरक पाहायचा तर 'स'ची बरीच शक्ती त्याच्या वर असते. उजवी कड १०,००० किंवा ११,००० वर ठेवा. 'चाक' आणि 'चार' यांतल्या दोन 'च'चेही तसेच. आणि रेकॉर्डिंग मुळात ८,००० हर्ट्झ नमुनादराचे असेल, फोनवरच्या ध्वनिमुद्रणात हे बऱ्याचदा असते, तर ४,००० च्या वर काही नाहीच. नमुनादराच्या निम्म्यापलीकडे माहिती साठवलीच जात नाही, त्यामुळे कड कितीही उजवीकडे नेली तरी 'स' परत येणार नाही. असे रेकॉर्डिंग सकार-शकाराच्या अभ्यासाला घेऊ नये.

कडा जवळ आणल्याने तपशील वाढत नाही, हेही लक्षात असू द्या. दोन शेजारची शिखरे वेगळी दिसणार की एकच ढेकूळ होणार हे निवडलेल्या भागाच्या लांबीवर ठरते. ढोबळ मानाने ४० मिलिसेकंद निवडले तर २५ हर्ट्झपर्यंतचा फरक कळतो, ५ मिलिसेकंद निवडले तर २०० हर्ट्झपर्यंतचाच. १२५ हर्ट्झच्या आवाजाचे एकेक संवादी (मूळ वारंवारतेच्या पटीतले घटक) वेगळे हवे असतील तर दुसरी निवड पुरणारच नाही, मग कितीही झूम करा.

अक्ष लॉगरिथमिक हवा असेल तर यादीतला स्पेक्ट्रम निवडून त्याच्या 'ड्रॉ' मेनूतला लॉग वारंवारतेचा पर्याय घ्या. तिथे डावी कड शून्य ठेवता येत नाही, कारण शून्याचा लॉग नसतो. बोलण्यासाठी ५० पासून सुरुवात केली तरी चालते.

छापण्याजोगी आकृती

आता पिक्चर खिडकी. यादीत ध्वनी निवडा, 'ड्रॉ' दाबा. 'टाइम रेंज'च्या दोन रकान्यांत मुळात ० आणि ० असते. याचा अर्थ 'काहीच नको' असा नसून 'सगळे' असा आहे. आणखी एक फसवा प्रकार: कडा चुकून उलट्या टाकल्या, ०.८ आणि ०.५ अशा, तर हवी ती आकृती मिळत नाही. आकृती अनपेक्षित दिसली तर आधी रकान्यांतले आकडे आणि त्यांचा क्रम तपासा.

दोन शब्द शेजारी किंवा एकाखाली एक दाखवायचे असतील तर दोघांच्या कडा सारख्या रुंदीच्या ठेवा. पहिला शब्द ०.४२ सेकंदांचा आणि दुसरा ०.५८ चा असेल, आणि दोघांना ०, ० देऊन एकाच मापाच्या चौकटीत काढले, तर दोन्ही सारखेच लांब दिसतील. ज्या फरकासाठी आकृती काढली तोच पुसला जातो. दोघांना ० ते ०.६ द्या. लहान शब्दाच्या उजवीकडे रिकामी जागा उरते. ती भरून काढू नका, तीच तर दाखवायची आहे.

कडांचे आकडे गोल असावेत. 'गार्निश' चालू ठेवले की प्राट दोन्ही टोकांना वेळ छापते, आणि कड ०.४२३१७ वर असेल तर तेच कागदावर येते. त्याऐवजी मी सुचवीन ती पद्धत अशी:

१. पिक्चर खिडकीत माऊसने ओढून आकृतीची जागा ठरवा. गुलाबी पट्टा हा कडेचा समास आहे, अक्षाखालचे आकडे त्यात बसतात.

२. 'ड्रॉ'मध्ये गोल कडा द्या आणि गार्निशची खूण काढून टाका.

३. 'मार्जिन्स' मेनूतून 'ड्रॉ इनर बॉक्स' घ्या.

४. त्याच मेनूतल्या 'मार्क्स बॉटम एव्हरी' या चौकटीत एकक १ आणि अंतर ०.१ ठेवा. दर शंभर मिलिसेकंदांना खूण आणि आकडा येतो.

५. 'टेक्स्ट बॉटम'ने अक्षाचे नाव लिहा.

चौथ्या पायरीत एक छान सोय दडलेली आहे. एकक ०.००१ आणि अंतर ५० लिहिले तर ध्वनीला हात न लावता अक्षावरचे आकडे मिलिसेकंदांत छापले जातात: ५०, १००, १५०. व्यंजनांच्या आकृत्यांना हे माप वाचकाला सोयीचे पडते. अक्षाच्या नावात मात्र एकक बदलायला विसरू नका. सेकंद लिहिलेल्या अक्षावर १५० हा आकडा परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

खुणा नेहमी शेवटी काढलेल्या आकृतीच्या कडांनुसार पडतात. लाट काढली, खाली दुसऱ्या जागी स्पेक्ट्रोग्राम काढला आणि मग लाटेवर खुणा द्यायला गेलात तर त्या स्पेक्ट्रोग्रामच्या मोजणीने बसतील. म्हणून एक आकृती खुणांसकट पूर्ण करूनच पुढची जागा निवडा. शिवाय स्पेक्ट्रोग्राम ध्वनीच्या अगदी टोकापासून कधीच सुरू होत नाही. ५ मिलिसेकंदांच्या गाउसियन खिडकीला प्रत्यक्षात १० मिलिसेकंदांचा ध्वनी लागतो, त्यामुळे दोन्ही टोकांना ५ मिलिसेकंद मोकळे राहतात. छोट्या तुकड्यात ही पांढरी पट्टी ठळक दिसते. उपाय सोपा: तुकडा थोडा ऐसपैस कापा आणि कडा स्पेक्ट्रोग्राम काढणाऱ्या 'पेंट' आज्ञेच्या वेळ-मर्यादेने आत आणा.

शून्य कुठे ठेवायचे

दहा वक्त्यांचा 'थ' एकाखाली एक दाखवायचा असेल तर प्रत्येकाचा स्फोट शून्यावर यायला हवा. ध्वनीची आधी 'कॉपी' करा, कारण यादीतल्या वस्तूवर केलेला बदल मागे घेता येत नाही. स्फोटाची वेळ एडिटरमध्ये मोजून घ्या, समजा ०.७३४. प्रतीवर 'मॉडिफाय' मधल्या वेळेच्या बदलांतून 'शिफ्ट टाइम्स बाय' निवडा आणि उणे ०.७३४ लिहा. आता स्फोट शून्यावर आला, त्याआधीचा वेळ ऋण झाला. प्राटला ऋण वेळ चालते. सगळ्या प्रती उणे ०.०५ ते ०.१५ या कडांत काढल्या की स्फोट एका उभ्या रेषेत येतात.

झूम करणे आणि कापणे

झूम केल्याने ध्वनी तसाच राहतो. 'एक्स्ट्रॅक्ट'ने मात्र नवा, लहान ध्वनी तयार होतो आणि त्याच्या टोकांपलीकडे विश्लेषणाला काही उरत नाही. स्वराच्या उंचीसाठी तळ, म्हणजे शोधायची सर्वांत कमी वारंवारता, ७५ हर्ट्झ ठेवला असेल तर तीन आवर्तने, म्हणजे ४० मिलिसेकंद, किमान लागतात. ३० मिलिसेकंदांचा तुकडा कापून 'टू पिच' केले तर प्राट साफ नकार देते आणि तळ १०० च्या खाली नको म्हणून सांगते. तीव्रतेला तर आणखी लांब तुकडा लागतो, तळ १०० असताना ६४ मिलिसेकंद. म्हणून क्रम असा ठेवा: अख्ख्या ध्वनीचे विश्लेषण आधी, काटछाट नंतर.

कापताना दोन पर्याय दिसतात. एकात मूळ वेळ टिकते, दुसऱ्यात तुकडा शून्यापासून सुरू होतो. तुकड्याबरोबर टेक्स्टग्रिड (ध्वनीवरच्या खुणा आणि शब्द साठवणारी वस्तू) वापरणार असाल तर दोघांना एकच पर्याय लावा. ध्वनी १.२३४ पासून आणि टेक्स्टग्रिड ० पासून असेल तर दोन्ही एकत्र उघडल्यावर अक्ष दोघांना सामावून घेण्याइतका लांबतो, आणि खुणा रिकाम्या जागेवर लटकतात. एखाद्याला 'शिफ्ट टाइम्स टु'ने जागेवर आणले की जुळते.

दुसरी खिडकी आपोआप हलते तेव्हा

एडिटरच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात 'ग्रुप' नावाची खूण असते. ती चालू असलेल्या सगळ्या खिडक्यांच्या कडा एकत्र हलतात. एकाच रेकॉर्डिंगचा ध्वनी आणि त्याचा वेगळा काढलेला पिच शेजारी ठेवून पाहताना ही फार सोयीची. दोन वेगवेगळ्या वक्त्यांची रेकॉर्डिंग्ज उघडली असतील तर मात्र एकात शब्दावर झूम केले की दुसरी भलत्याच जागी जाते. दोन्ही खिडक्यांतली खूण काढा, दोन्हींत 'झूम' चौकटीने सारख्याच रुंदीचे पण आपापल्या जागचे आकडे टाका, एकीत १.२५ ते १.७५ तर दुसरीत ३.४० ते ३.९०.

हेच काम पन्नास फायलींवर करायचे असेल तर नवी स्क्रिप्ट खिडकी उघडा, तिथल्या 'एडिट' मेनूतून आधी 'क्लिअर हिस्ट्री' करा, एका फाइलवर हाताने सगळ्या पायऱ्या करा, आणि मग 'पेस्ट हिस्ट्री' घ्या. टाकलेल्या कडांसकट सगळ्या आज्ञा लिहून मिळतात. फाइलचे नाव आणि दोन आकडे बदलून त्या पुन्हा चालवता येतात.